विवाहवस्त्राची फिटिंग : पूर्वतयारी व दुरुस्ती

विवाह हा ख्रिस्तसभेच्या सात संस्कारांपैकी एक होय. त्याच्या आध्यात्मिक तयारीविषयी धर्मगुरू व विवाहपूर्व मार्गदर्शन शिबिरे भाविकांना पुष्कळ काही सांगतात. हॉल, जेवणावळ, पत्रिका, बँड यांविषयी नातलग न विचारता सांगतात. मधल्या मध्ये वधूचे वस्त्र मात्र उपेक्षित राहते. कापड घेतले, शिंप्याकडे टाकले किंवा दुकानातून गाऊन आणला, की काम झाले असे घरातील मंडळी समजतात. आणि लग्नाला चार दिवस उरले असताना चेन लागत नाही, मुंढा काचतो किंवा घेर पायात येतो असे ध्यानात येते. या विषयावर मराठीत सलग माहिती फारशी आढळत नाही, म्हणून आम्ही हा लेख परभणी जिल्ह्यातील आपल्या कुटुंबांना डोळ्यांसमोर ठेवून लिहीत आहोत.

आपला जिल्हा औरंगाबाद धर्मप्रांतात येतो. हा धर्मप्रांत १९७७ साली अमरावती धर्मप्रांतातून वेगळा झाला. परभणी, पूर्णा, सेलू, जिंतूर, गंगाखेड अशा गावांतून आपली कुटुंबे विखुरलेली आहेत, आणि केवळ ख्रिस्ती विवाहाचे पोशाख शिवणारी वा विकणारी बाजारपेठ जवळ नाही. गाऊन हवा म्हटले की पावले नांदेड, छत्रपती संभाजीनगर, पुणे किंवा मुंबईकडे वळतात. परभणीहून नांदेड रेल्वेने सुमारे ६० किलोमीटर, तर छत्रपती संभाजीनगर सुमारे १८० किलोमीटर. वधू आणि आई अशा दोघी जरी तीन वेळा गेल्या तरी सहा जणांचा जाण्यायेण्याचा खर्च होतो, आणि प्रत्येक खेपेला एक दिवस मोडतो. म्हणून अनेक घरांत एकाच फेरीत वस्त्र घेऊन येतात व फिटिंग हा प्रकारच वगळतात. आमच्या मते चूक होते ती येथे. वस्त्र दूरच्या शहरातून आणण्यास हरकत नाही, परंतु ते अंगाला बसवण्याचे काम गावातील चांगल्या शिंप्याकडे द्यावे. तो हाकेच्या अंतरावर असतो, आणि लग्नाच्या आदल्या दिवशी सुटलेला हूक लावून देणाराही तोच असतो.

शिंपीकामाची थोरवी या भागाला नवी नाही. संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून मानले जाणारे नर्सी हे गाव १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत परभणी जिल्ह्यातच होते, आणि नामदेव शिंपी कुळातले. शेजारच्या गोव्यात तर कॅथोलिक घरांतून शिंप्याला लग्नविधीतच मान आहे. तेथे ‘सादो’ नावाचा एक प्रघात आहे. लग्नाआधी शिंप्याला वधूच्या घरी बोलावतात, आप्तेष्टांच्या समक्ष तो तांबड्या कापडाला कात्री लावतो, आणि फटाके वाजवून शेजारपाजाऱ्यांना ती वार्ता कळवली जाते. तो तांबडा पोशाख वधू चर्चमधील लग्नानंतर नेसते. आपल्याकडे हा प्रघात नाही, पण त्यातील एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. शिंपी वधूच्या घरी येतो, घाईत गिऱ्हाइकांच्या गर्दीत माप घेत नाही.

वेळेचे गणित

विवाहाची तारीख ठरली की मागे मोजत यावे. आगमनकाळ व प्रायश्चित्तकाळ हे तपश्चर्येचे व प्रतीक्षेचे काळ असल्याने आपली लग्ने बहुधा नाताळानंतर व पुनरुत्थान सणानंतर होतात. यामुळे लग्नाचे दिवस फार थोड्या आठवड्यांत कोंबले जातात. उदाहरणार्थ, २०२७ साली भस्म बुधवार १० फेब्रुवारीला व ईस्टर २८ मार्चला येतो. म्हणजे ६ जानेवारीनंतर प्रायश्चित्तकाळ सुरू होईपर्यंत जेमतेम पाच आठवडे मिळतात. याच दिवसांत इतर समाजांची लग्नसराईही असते व शिंप्याच्या दुकानात कपड्यांचे ढीग पडलेले असतात. ईस्टरनंतरच्या लग्नांसाठी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपल्या शहरांतील अनेक कुशल कारागीर मुस्लिम आहेत, आणि रमजानच्या उत्तरार्धात ईदच्या शिलाईमुळे नवे काम घेणे बंद होते. ईद दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकते. २०२६ व २०२७ या दोन्ही साली ती मार्चमध्ये येते, म्हणजे ईस्टरनंतरच्या विवाहाची शिलाई नेमकी त्या गर्दीत सापडते.

तेव्हा कापड किंवा तयार गाऊन तीन ते चार महिने आधी, पहिली फिटिंग सहा ते आठ आठवडे आधी, दुसरी तीन आठवडे आधी, आणि शेवटची आठ-दहा दिवस आधी, असा क्रम धरावा. शेवटची फिटिंग याहून आधी करू नये, कारण लग्नाच्या धावपळीत वधूचे वजन बदलते. बहुधा ते उतरते. याहून उशिराही करू नये, कारण काही उसवावे लागले तर शिंप्याला दोन दिवस लागतात. चर्चमध्ये लग्नाची पुकारणी सुरू होण्याच्या सुमारास वस्त्राची दुसरी फिटिंग झालेली असावी, अशी खूण ठेवली की विसर पडत नाही.

रंग आणि प्रकार

पांढरा गाऊन हाच ख्रिस्ती विवाहाचा पोशाख होय, अशी समजूत आपल्याकडे दृढ आहे. ती खरी नाही. १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या विवाहविधीत वधूच्या वस्त्राचा रंग किंवा प्रकार कोठेही सांगितलेला नाही. युरोपातही पूर्वी वधू आपल्याजवळ असलेला उत्तम पोशाख घालत, मग तो कोणत्याही रंगाचा असो. इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाने १० फेब्रुवारी १८४० रोजी आपल्या विवाहात पांढरे रेशमी साटीन व हॉनिटनची लेस वापरली, आणि पुढे ती चाल पसरली. वसईच्या कुपारी ख्रिस्ती समाजात स्त्रियांचे परंपरागत वस्त्र लाल लुगडे आहे. त्यामुळे त्यांच्या श्रद्धेत काही उणे पडले असे कोणी म्हणणार नाही.

हे सांगण्याचे कारण असे की गाऊन परवडत नाही म्हणून कर्ज काढणारी कुटुंबे आम्ही पाहिली आहेत. पांढरी किंवा मोतिया रंगाची साडी, त्यावर नीट बसणारे पूर्ण बाह्यांचे पोलके आणि साधा व्हेल, एवढ्यानेही वधू वेदीसमोर शोभून दिसते. आणि फिटिंगच्या दृष्टीने साडी फार सोयीची. साडीत बसवायचे ते केवळ पोलके आणि परकराची उंची. साडीला फॉल-पिको लग्नाच्या बरेच आधी करून घ्यावे व एकदा धुण्यासारखी असल्यास पाण्यातून काढावी, कारण फॉलचे सुती कापड आटले तर काठ गोळा होतो. पोलक्याचे अस्तरही शिवण्याआधी पाण्यातून काढलेले असावे. हे न केल्याने नवे पोलके पहिल्याच धुण्यात आखडते, हा अनुभव घरोघरीचा आहे.

गळा व बाही किती असावी याविषयी आपल्या चर्चमध्ये काही संकेत आहेत का, हे फादरांना कापड कापण्यापूर्वी विचारावे. नंतर विचारल्यास खांदे झाकण्यासाठी वेगळे जाकीट शिवावे लागते, आणि ते क्वचितच मूळ वस्त्राला शोभते.

फिटिंगला जाताना

माप घेण्याच्या वेळी अंगात जे असते त्यावर माप ठरते. सलवार-कमीजवरून घेतलेले गाऊनचे माप कधीच बरोबर येत नाही. लग्नात घालायची असतील तीच अंतर्वस्त्रे घालून जावे. लग्नाच्या दिवसाची चप्पल किंवा बूट आधी खरेदी करून सोबत न्यावेत, कारण दोन इंच टाचेचा फरक म्हणजे घेरात दोन इंचांचा फरक. घेराची पुढची कड जमिनीपासून सुमारे एक इंच वर असावी. चपला बदलायच्या असतील तर आधी शिंप्याला सांगावे. व्हेल, मुकुट, गळ्यातले, आणि घेराखाली कॅनकॅन असेल तर तोही सोबत असावा. केस बांधून जावे, म्हणजे पाठ व गळा नीट दिसतो.

सोबत एकच व्यक्ती न्यावी. आई, थोरली बहीण किंवा काकू पुरे. पाच जणी गेल्या की पाच मते होतात, आणि शिंपी बिचारा कोणाचे ऐकावे या विचारात टाचण्या लावत राहतो.

पहिल्या फिटिंगच्या वेळी वस्त्र कच्च्या धावदोऱ्याने जोडलेले असावे, असे शिंप्याला आधीच सांगून ठेवावे. पक्की शिलाई मारून टाकली असेल तर ती फिटिंग केवळ नावाची राहते, कारण साटीन किंवा रेशमावरची शिवण उसवली की सुईची छिद्रे कायम दिसतात.

वेदीसमोर जे करायचे ते आधी करून पाहावे

आम्हाला सर्वांत आग्रहाने सांगावयाची गोष्ट हीच. माप वधू उभी असताना घेतात, फिटिंगही आरशासमोर उभे राहून होते. परंतु विवाहाच्या मिस्सेत वधू तासभर काय काय करते, याचा विचार शिंप्याने करावा अशी अपेक्षा आपण ठेवू शकत नाही, कारण बहुधा त्याने तो विधी पाहिलेला नसतो. ते त्याला सांगणे आपले काम.

वधू वडिलांच्या हाताला धरून चालत येते. वेदीपुढे वाकते. वाचनांच्या वेळी बसते. वचन देताना वराचा उजवा हात धरते. अंगठी घालून घेते. मंगळसूत्राला आशीर्वाद देऊन ते गळ्यात घालतात. वधू अर्पणाच्या प्रार्थनेत गुडघे टेकते, ख्रिस्तप्रसाद घेते आणि शेवटी नोंदवहीवर सही करते. या साऱ्या कृती फिटिंगच्या खोलीत एकेक करून पाहाव्यात. गुडघे टेकून दोन मिनिटे तसेच राहावे आणि हाताचा आधार न घेता उठून पाहावे. हात पुढे जोडावेत, म्हणजे पाठीत व मुंढ्यात कापड ओढते का ते कळते. खुर्चीवर बसावे आणि खोल श्वास घ्यावा. चेन लागली म्हणजे वस्त्र बसले असे नव्हे. श्वास पूर्ण घेता आला, तर बसले.

आमच्या पाहण्यातील एका विवाहात गुडघ्याजवळ आवळ असलेला गाऊन होता. वधूला गुडघे टेकता आले नाहीत. वर गुडघ्यांवर, आणि ती त्याच्या शेजारी ओशाळून उभी. कोणी काही बोलले नाही. पण त्या मुलीच्या चेहऱ्यावरचा संकोच आम्ही अद्याप विसरलो नाही. दोन्ही बाजूंना एकेक कळी घातली असती तर तो प्रसंग टळला असता, आणि ते काम अर्ध्या दिवसाचे होते.

मंगळसूत्राचेही पाहून घ्यावे. व्हेल पाठीवर पसरलेला असताना वराने गळ्यामागे हात नेऊन ते कसे घालावे, हे एकदा बहिणीकडून करून पाहिले की बरे. उंच कॉलरचा गळा असेल तर मण्यांची सर लेसमध्ये अडकते. हातमोजे घालणार असल्यास अंगठीच्या वेळी ते झटकन निघतात का ते पाहावे. आणि मेणबत्ती! व्हेलची नेट बहुधा कृत्रिम धाग्याची असते व ज्योतीजवळ गेली की क्षणात पेट घेते. विवाहाची मेणबत्ती पेटवताना करवलीने व्हेल मागून धरून ठेवावा, आणि तो किती लांब आहे हे तिला फिटिंगच्या वेळीच दाखवून ठेवावे.

दुरुस्ती : काय होते, काय होत नाही

सैल वस्त्र आवळता येते, पण आवळ वस्त्र सैल करण्यासाठी आत कापड शिल्लक असावे लागते. शिवणीच्या आत सोडलेल्या या जादा कापडाला आपले शिंपी मार्जिन म्हणतात. दोन्ही बाजूंच्या शिवणी मिळून कापडाचे चार पदर येतात. प्रत्येक पदरात नेहमीपेक्षा अर्धा इंच अधिक सोडले, तर वेळप्रसंगी एकूण दोन इंच वाढ मिळते. शिलाईला टाकतानाच तसे सांगावे. तयार गाऊन घेताना तो उलटा करून आतली शिवण पाहावी. कड कापून बारीक इंटरलॉक मारलेला असेल, तर तो वाढणार नाही असे समजावे.

‘लग्नापर्यंत मी बारीक होईन’ या भरवशावर एक माप लहान घेऊ नये. आमच्या अनुभवाप्रमाणे हा भरवसा फार थोड्या वेळा खरा ठरतो, आणि तोवर मुलीच्या जेवणावर सगळ्यांची नजर राहते ते वेगळेच. आज अंगाला बसते तेच माप घ्यावे.

लांबी कमी करणे सोपे. मात्र घेराच्या कडेला लेस असेल तर ती हाताने उसवून, कापड कापून पुन्हा लावावी लागते व त्याची मजुरी बरीच होते. अशा वेळी लांबी खालून कमी न करता कमरेच्या शिवणीतून उचलता येते का, हे शिंप्याला विचारावे. कंबर व छाती एक-दोन इंच आवळणे हे नित्याचे काम. त्याहून अधिक आवळले तर टक्सची जागा सरकते आणि मुंढा काखेत काचू लागतो. खांदा बदलणे सर्वांत अवघड, कारण बाही पूर्ण काढून पुन्हा बसवावी लागते. म्हणून तयार वस्त्र निवडताना खांदा बरोबर बसतो का हे आधी पाहावे, बाकी सारे नंतर.

चेन अगदीच लागत नसेल तर एक उपाय आहे. पाठीची चेन काढून दोन्ही कडांना कापडाचे लूप लावावेत, मध्ये त्याच कापडाची पट्टी ठेवावी आणि साटीनच्या दोरीने ते ओवावे. यातून दोन-तीन इंच सहज मिळतात, आणि लग्नाच्या दिवशी हवे तेवढे सैल-घट्ट करता येते. काखेत काचत असल्यास तेथे चौकोनी तुकडा घालतात. तो हात वर केल्याखेरीज दिसत नाही.

बहिणीचा किंवा आत्याचा गाऊन दुरुस्त करून वापरण्यात काही कमीपणा आहे, असे काही घरांत मानतात. राणी व्हिक्टोरियाची धाकटी मुलगी बिॲट्रिस हिने १८८५ साली आपल्या विवाहात आईचाच लेसचा व्हेल वापरला होता. राजघराण्यात जे चालते ते आपल्याकडे चालण्यास हरकत नसावी. जुना गाऊन आधी स्वच्छ करून मगच शिंप्याकडे द्यावा. पिवळेपणा जातो की नाही हे आधी कळले, तर मजुरी वाया जात नाही. मोठ्या मापाचा गाऊन लहान मुलीसाठी घेणे सोपे, उलट कठीण.

भाड्याचा गाऊन घेताना दोन गोष्टी लेखी घ्याव्यात. दुरुस्ती करू देतात का, आणि डागासाठी अनामतीतून किती कापतात. बहुतेक दुकानदार कापड कापू देत नाहीत, केवळ आतून टाके घालू देतात. आपल्या काळ्या मातीचा डाग पांढऱ्या साटीनवरून सहजासहजी जात नाही. पाऊस पडून गेला असेल तर चर्चच्या आवारातूनच घेर मळतो. मागे लोळणाऱ्या घेराला, ज्याला दुकानदार ट्रेल म्हणतात, आतून हूक व नाड्या लावून घ्याव्यात. मिस्सा संपली की तो उचलून अडकवता येतो.

उन्हाळ्यातील लग्ने

परभणीत एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो. आपला जिल्हा कापसाचा, पण गाऊन मात्र पॉलिएस्टरचे! निदान अस्तर तरी सुती मलमलीचे घालून घ्यावे. काखेत सुती पट्ट्या टाचून घ्याव्यात, त्या नंतर काढता येतात. कॅनकॅनची काटेरी कड उघड्या पायाला टोचते, म्हणून तिच्याखाली सुती परकर असावा. उन्हाळ्यातील फिटिंग शक्यतो दुपारी करावी. सकाळी गारव्यात सैल वाटणारे पोलके दुपारी घामाने अंगाला चिकटते, आणि लग्नाची मिरवणूक व फोटो बहुधा त्याच वेळी असतात.

वराच्या सुटाविषयी थोडक्यात. खांदा बसला की कोट बसला. कोटाच्या बाहीतून शर्टाची कड अर्धा इंच दिसावी, आणि पँटची लांबी लग्नाचे बूट घालूनच ठरवावी. गुडघे त्यालाही टेकायचे आहेत, तेव्हा त्यानेही ते करून पाहावे. फुले उधळणाऱ्या लहान मुलींचे कपडे मात्र सर्वांत शेवटी शिवावेत आणि खाली दोन इंच दुमड ठेवावी. त्या वयात महिन्याभरातही उंची वाढते.

शेवटच्या फिटिंगनंतर वस्त्र घडी न करता सुती चादरीत गुंडाळून टांगून ठेवावे. पांढरा दोरा, सुई, चार टाचण्या, दोन हूक व एक लहान कात्री एका डबीत घालून ती करवलीकडे द्यावी. इस्त्री आदल्या दिवशी, आतल्या बाजूने व वर सुती फडके ठेवून करावी. तापलेल्या इस्त्रीने नेट वितळते आणि त्याला दुरुस्ती नाही. लग्नानंतर घामाचे व हळदीचे डाग त्याच आठवड्यात काढून घ्यावेत, ठेवून दिल्यास ते पक्के होतात. प्लास्टिकच्या पिशवीत वस्त्र बंद करून ठेवू नये. धुऊन मऊ झालेल्या जुन्या सुती साडीत ते ठेवावे, आणि पावसाळा संपला की एकदा सावलीत वारा द्यावा. पुढे धाकट्या बहिणीला ते उपयोगी पडेल, किंवा त्याच कापडातून बाळाच्या बाप्तिस्म्याचा झबला निघेल. तेवढ्यासाठी शिंप्याकडून उरलेले कापड व लेसचे तुकडे मागून घेण्यास विसरू नये.